फूल मिटायच्या आत

आप्पांनी पानावरून अंगठा फिरवला, मग तो उन्हाकडे धरून निरखून पाहिला. अंगठा स्वच्छ होता. "भुरी नाही ही," एवढंच म्हणाले आणि पुन्हा प्लॅस्टिकच्या खुर्चीत टेकले.

तोवर त्यांनी माझ्या झुकिनीकडे धड पाहिलंही नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावाहून नाशिकच्या म्हसरूळला माझ्याकडे आणलं होतं. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या छाटणीचा महिना. मला कळायला लागल्यापासून आप्पांविना छाटणी झालेली मी पाहिलेली नाही. भाऊ रोज रात्री फोन करून सांगायचा, कुठला प्लॉट उरकला, किती माणसं आली, पेस्ट लावून झाली का. आप्पा ऐकायचे, "बरं" म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. मी चहा दिला की कप बराच वेळ तसाच हातात असायचा.

आणि त्याच अंगणात, त्यांच्या खुर्चीपासून चार पावलांवर, माझ्या झुकिनीची रोपं वाढत होती. "हा कसला भोपळा? वेल नाही याला," असं एकदा म्हणाले होते, तेवढंच. त्यांचं म्हणणं खरंच होतं. झुकिनी भोपळ्याच्याच कुळातली, पण ती मांडवावर चढत नाही. एका जागी ठाण मांडून बसते आणि हातभर लांबीचे देठ चारही बाजूंना पसरते. तिला ना ताटी लागते ना मांडव. लागते ती जागा, एका झाडाला चांगली तीन फूट. मी पहिल्या वर्षी हौसेने एकाच वाफ्यात सहा लावली होती. पानांची अशी गर्दी झाली की आत हात घालायची सोय राहिली नाही, आणि देठांवरच्या काट्यांनी मनगटं खाजून लाल झाली. यंदा चारच लावली, आणि दोन वीस-वीस लिटरच्या बादल्यांत.

त्या दिवशी मी घाबरले होते ते पानांवरच्या चंदेरी ठिपक्यांमुळे. शिरांच्या कोनाकोनांत पांढरट, चमकदार डाग उठले होते. नाशिककडच्या माणसाला पानावर पांढरं दिसलं की मनात पहिला शब्द येतो तो भुरी, पानावर पिठासारखी पसरणारी बुरशी. मी आत जाऊन फवारणीचा पंप शोधायला लागले, तेव्हा आप्पा काठी टेकत उठले आणि अंगठा फिरवून बघितला. भुरी असती तर अंगठ्याला पीठ लागलं असतं. हे डाग पानाच्या वरच्या सालीखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात म्हणून दिसतात. या झाडाच्या बऱ्याच वाणांचा तो जन्मजात रंग आहे. पोकळ्यांचं मला नंतर वाचून कळलं. आप्पांनी तेच अंगठ्याने ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर त्यांची खुर्ची वाफ्याच्या कडेला सरकलेली होती.

मग हळूहळू त्यांच्या सूचना सुरू झाल्या. आमचं रो हाऊस जिथे आहे तिथे फूटभर खणलं की बांधकामाचा मलबा आणि मुरूम लागतो, म्हणून मी काळी माती विकत आणून वाफा भरला होता. आप्पांनी मूठभर माती हातात दाबून बघितली आणि म्हणाले, "ही पाणी धरून ठेवील, मुळं कुजतील." मग निम्मी माती काढून तिच्यात शेणखत, गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड कालवून झाडांच्या भोवती आळी केली, वर वाळलेल्या गवताचं आच्छादन. बी मी सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरल्यावर, दोन-अडीच सेंटिमीटर खोल टोकलं होतं. पाच-सहा दिवसांत ती जाड, मांसल दलं मातीतून वर आली आणि आठवड्याच्या आत त्यांना भोकं पडली. लाल भुंगेरे. नारिंगी-लाल, चकचकीत, नखाएवढा किडा. भोपळा, काकडी, दोडका, कुणाचंही कोवळं रोप याला चालतं, आणि दोन पानांच्या रोपाचं एक पान गेलं तरी ते रोप सावरायला पंधरा दिवस घेतं. आप्पांनी लक्ष घालण्याआधी माझी तीन रोपं त्यात गेली होती. हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "राख नाही मिळत का इथं?" चूल तर आता कुणाकडेच नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून लोणारी कोळशाची राख आणली. पहाटे पानांवर दव असताना ती चाळणीतून भुरभुरायची, म्हणजे चिकटते. उरलेली रोपं वाचली.

आता मूळ गोष्ट सांगते, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

झुकिनीला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. एकाच झाडावर, पण वेगळी. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक, मादीचा आखूड, आणि फुलाच्या मागेच करंगळीएवढी इवलीशी झुकिनी तयार असते. ती करंगळी बघून नवशिक्या माणसाला वाटतं, फळ धरलं. धरलेलं नसतं. ते फूल एकदाच उमलतं, एकाच सकाळी. उजाडताना उघडतं, ऊन चढलं की मिटायला लागतं आणि दुपारपर्यंत पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं होतं. त्या तीन-चार तासांत नराचा पराग तिथे पोचला तर फळ. नाही पोचला तर ती करंगळी टोकाकडून पिवळी पडते, मऊ होते आणि गळते. पराग जड आणि चिकट असल्यामुळे वाऱ्याचं हे काम नव्हे. मधमाशीच पाहिजे.

आमच्याकडे सातेरी माश्या येतात. शेजारच्या कॉलनीत कुठेतरी त्यांचं मोहळ असावं. पण नोव्हेंबर लागला, नाशिकची थंडी पडायला लागली, की त्या उशिरा निघतात. हवा तापल्याशिवाय माशी पोळ्याबाहेर पडत नाही. साडेनऊला पहिली माशी यायची तेव्हा मादी फुलाच्या पाकळ्या कडेने आत वळायला लागलेल्या असायच्या. माशीही खरी, फूलही खरं, आणि दोघांची वेळ जुळत नाही.

त्यात यंदा आणखी एक घोटाळा. थंड हवा आणि लहान दिवस असले की या झाडाला मादी फुलं जास्त येतात, आणि कधी कधी तीच आधी उमलतात. माझ्या झाडांवर पहिले तीन दिवस रोज एक मादी उमलली आणि नराच्या कळ्या अजून हरभऱ्याएवढ्या. तिन्ही फुलं वाया गेली. आप्पा रोज सकाळी ते बघत होते. तिसऱ्या दिवशी गळलेली पिवळी करंगळी उचलून तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "नुसती गळ चालली आहे गं." त्यांच्या आवाजात ती जुनी काळजी होती, छाटणीनंतर पाऊस आला आणि बागेत गळकूज सुरू झाली की यायची तीच.

चौथ्या दिवशी पहिला नर उमलला. मी आप्पांना दाखवलं कसं करायचं ते. नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या एकेक करून उलट्या सोलून टाकायच्या, की मधला केसर उघडा पडतो, हळदीत बुडवल्यासारखा. मग मादी फुलात तो अलगद घालायचा आणि मधल्या कुक्षीवर फिरवायचा. कुक्षीचे तीन भाग असतात, तिन्हींवर पराग लागला पाहिजे. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, तर फळ एका बाजूने फुगतं आणि दुसऱ्या बाजूने निमुळतं राहतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "द्राक्षाला हे काही करावं लागत नाही." खरं आहे. द्राक्षाच्या एकाच फुलात दोन्ही असतं, तिथे माशीची वाट बघायची वेळ येत नाही. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कुठल्या फुलाचं लग्न लावलं नव्हतं. पण त्यांचे हात घडांची विरळणी केलेले होते. मणी कोवळे असताना बारीक कात्रीने, घडाला धक्का न लावता, नको ते मणी काढायचे. घड जीएच्या, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात बुडवायचे ते एकाही मण्यावर ओरखडा न उठवता. ते हात थरथरत नव्हते. नराचा केसर त्यांनी मादीच्या फुलात घातला तेव्हा मी श्वास धरून बघत होते. पाकळीवर दवाचा थेंब होता, तोही हलला नाही. तीनदा फिरवला, बाहेर काढला, केसरावरचा पराग कमी झालाय का ते उजेडात बघितलं आणि उरलेला पुन्हा एकदा फिरवला. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "सुतळी आण."

निळ्या सुतळीचा तुकडा त्या फुलाच्या देठाला बांधला. म्हणजे हे कधीचं ते कळेल. पाचव्या दिवशी ती झुकिनी वीतभर झाली होती, हिरवी, तुकतुकीत, टोकाला सुकलेलं फूल अजून चिकटलेलं. मी ती कापली नाही. आप्पांच्या हातात विळा दिला.

तेव्हापासून सकाळचं काम त्यांचं झालं. पावणेसातला मफलर गुंडाळून, काठी घेऊन ते बाहेर. मी उठायच्या आत नर मोजलेले, माद्या मोजलेल्या. मी दार उघडलं की पहिलं वाक्य यायचं, "आज नर चार, माद्या दोन." डॉक्टरांनी दिवसातून तीन वेळा चालायला सांगितलं होतं, त्यासाठी आधी रोज वाद व्हायचा. आता तो बंद झाला. माझी बँकेची नोकरी. मी साडेनऊला निघायचे, आणि निघताना मोबाइलवर फोटो काढून घ्यायचे, कारण रात्री भावाचा फोन आला की आप्पा त्यालाही आकडे सांगत. भाऊ हसत नसे. तोही विचारायचा, "काल बांधलेलं धरलं का?"

डिसेंबरात खरी भुरी आली. आधी खालच्या जुन्या पानांवर, मैद्याचे ठिपके पडावेत तशी. आप्पांनी अंगठा फिरवला, या वेळी पांढरा झाला. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच काळजी दिसली. त्यांनी विचारलं, "मी गावी गेलो तर माझ्या कपड्यांवरून बागेत जाईल का हे?" मला त्या प्रश्नाने गलबलून आलं. गावी जायला त्यांना अजून दोन महिने होते. मी सांगितलं, द्राक्षाची भुरी वेगळ्या बुरशीची, ही वेगळ्या बुरशीची. दिसायला सारखी, पण हिचं द्राक्षावर जमत नाही. तेव्हा त्यांना बरं वाटलं. मग स्वतःच समजावून सांगायला लागले, "डावणीला पाणी लागतं, भुरीला सावली लागते." अगदी नेमकं. डावणी ही द्राक्षावरची दुसरी बुरशी, तिला पान ओलं असावं लागतं. भुरी कोरड्या पानावरही रुजते. दाटी असली, वारा फिरत नसला, की तिचं फावतं. म्हणून आम्ही आधी जमिनीवर लोळणारी म्हातारी पानं कापली. देठ पोकळ असतात, त्यात पाणी साचू नये म्हणून बुडाशी कापायची.

औषधाचा मात्र वाद झाला. आप्पांचं म्हणणं, गंधक. बागेत आयुष्यभर तेच. पण भोपळ्याच्या कुळातल्या पिकांची पानं गंधकाने करपतात, विशेषतः ऊन असताना, आणि आम्ही ही पानं गमावायला तयार नव्हतो. मी दूध म्हणाले. एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी. आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. पानावर दूध ओतायची कल्पना त्यांना पचेना. आमच्या घरात दूध सांडलं तरी आई कपाळाला हात लावायची. मी त्यांना सांगितलं की ब्राझीलच्या वाग्नर बेत्तिओल या संशोधकाने १९९९ मध्ये नेमक्या याच भाजीवर, झुकिनीवर, गायीचं दूध फवारून भुरी आटोक्यात येते असं दाखवलं आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "गायीचंच पाहिजे का?"

आठवड्यातून दोनदा, सकाळी ऊन असताना फवारलं. जुनी पानं काही पुन्हा हिरवी झाली नाहीत, हे मी मुद्दाम सांगते, कारण दुधाच्या गोष्टी फार चमत्कार असल्यासारख्या सांगितल्या जातात. एकदा पांढरं झालेलं पान गेलंच. पण वरची नवी पानं बहुतेक स्वच्छ राहिली आणि झाडं आणखी महिनाभर चालली.

महिनाभरात मध्ये एकदा आम्ही सगळे नात्यातल्या लग्नाला चार दिवस गेलो. परत आलो तर एका झाडावर दुधीएवढी झुकिनी लटकलेली, साल घट्ट, आत बिया धरलेल्या. आणि त्या झाडावर नवी कळी नाही. झुकिनी कोवळीच काढायची असते, वीतभर झाली की लगेच, नख सहज रुतेल अशी. एक जरी फळ पिकायला सोडलं तरी झाडाला वाटतं, आपलं काम झालं. बी तयार होतंय, आता कशाला फुलायचं? अमेरिकेतल्या नॅरागॅन्सेट आदिवासींच्या ज्या शब्दावरून इंग्रजीतलं स्क्वॅश हे या भोपळ्यांचं नाव आलं, त्याचा अर्थ कच्चं, हिरवं खायचं फळ असा आहे. हे फळ पहिल्यांदा लावलं मेक्सिकोतल्या माणसांनी. तिथल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. आपण जिला झुकिनी म्हणतो ते रूप मात्र एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीत घडलं. एवढा प्रवास करून ती म्हसरूळच्या मुरमात आली. मूळच्या रानटी भोपळ्यांचा गर कडू होता, माणसं तेव्हा बियांसाठीच ते वापरत. तो कडूपणा अजूनही एखाद्या फळात डोकावतो, म्हणून चिरण्याआधी एक चकती जिभेला लावून बघायची, दुधीची बघतो तशी. कडू निघाली तर टाकून द्यायची. शिजवून तो कडूपणा जात नाही आणि त्याने माणूस आजारी पडतो.

जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या. झुकिनीला थंडी सोसत नाही. दहाच्या खाली गेलं की वाढ थांबते. आप्पा एका संध्याकाळी म्हणाले, "जुन्या साड्या आहेत का?" गावाकडे द्राक्षबागांवर साड्या बांधतात. आईच्या दोन नऊवारी माझ्या कपाटात होत्या. त्या मी अजून कुणाला दिल्या नव्हत्या. मी क्षणभर थांबले, मग काढून दिल्या. रोज सूर्य मावळताना आप्पा चार बांबूंवरून त्या पसरवायचे आणि सकाळी घडी घालून आत आणायचे. घडी नीट, काठाला काठ लावून.

खाण्याचं थोडं सांगते, नाहीतर अपुरं राहील. शहरातली मंडळी झुकिनी म्हणजे पास्ता समजतात. आमच्याकडे ती गिलक्यासारखी झाली, काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट घालून. झाकण ठेवायचं नाही, पाणी भरपूर सुटतं. मीठ शेवटी. गिलक्याची करतात तशी हिची भजीही होतात, आणि परागाच्या कामातून उरलेल्या नर फुलांची तर फार सुंदर. केसर काढून टाकायचा, बेसनात थोडं तांदळाचं पीठ. फळमाशीने डंख केलेली फळं मात्र कंपोस्टात टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, नाहीतर पुढची पिढी तुमच्याच खतातून उठेल. क्यू ल्यूरचा, म्हणजे फळमाशीला ओढणाऱ्या वासाचा सापळा आम्ही लावला होता, पण त्यात नर माश्याच येतात. डंख मादी करते.

जानेवारीअखेर दुसरी लावणी केली. आप्पांनीच बी टोकलं. फेब्रुवारी संपता संपता डॉक्टरांनी गावी जायची परवानगी दिली. बागेत काढणी सुरू झाली होती, भाऊ गाडी घेऊन आला. निघताना आप्पांनी दुसऱ्या लावणीच्या झाडांकडे एकदा नजर टाकली. पहिल्या कळ्या दिसत होत्या, सगळ्या बारीक देठाच्या. "उन्हाळ्यात नर जास्त येतील का गं?" त्यांनी विचारलं. हो, म्हटलं, उन्हं वाढली आणि दिवस मोठा झाला की नरच जास्त. "मग एकही मादी चुकवू नको."

साड्या घडी घालून परत कपाटात ठेवल्या आहेत. त्यांना मातीचा आणि धुराचा वास येतो. धुतल्या नाहीत.

आता एप्रिल आहे. सकाळी सव्वासहाला फोन वाजतो. मागे बागेतली पाखरं ऐकू येतात, आप्पा कसे आहात म्हणायलाही उसंत देत नाहीत. मी चपला पायात सरकवत अंगणात जाते, पानं बाजूला करत मोजते.

"नर सात, आप्पा."

"आणि मादी?"

"एक आहे. अजून पुरती उघडली नाही."

"मग फोन ठेवू नको," आप्पा म्हणतात. "थांबतो मी."